मथळे मधोमध

गुंड्या झोपला की चिमीला पंख फुटायचे. पण उडून जायचं कुठे, तर स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत. टेबलाच्या एका कडेला उकळून उपड्या घातलेल्या दुधाच्या बाटल्या, दुसऱ्या कडेला लॅपटॉप, आणि मधल्या जागेत तिचा गार होत चाललेला चहा. हातात वेळ किती आहे, हे त्या खोलीत झोपलेल्या गाठोड्यालाच ठाऊक. कधी चांगला तासभर मिळायचा, कधी बूड टेकतंय न टेकतंय तोच भोकाड. एवढ्या वेळात बाळंतिणी झोपून घेतात, न्हाऊन घेतात, निदान केसांतला गुंता तरी काढतात. चिमी आईसाठी मथळे सजवत बसायची.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एकटी. छापखान्यात तिने उभा जन्म काढला, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या पलीकडच्या खोलीत, ओल्या शाईच्या वासात. लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका समासात दाखवायच्या, हे तिचं काम. सगळे तिला ‘दुर्बीण’ म्हणायचे. मालकसुद्धा म्हणायचे, पण जरा मागे वळून, ती जवळ नाही ना ते बघून. एकदा एका जाड पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा गळलेला पूर्णविराम तिने चालता चालता, दुसऱ्याच्या हातातल्या कागदावर पकडला होता, आणि ही गोष्ट छापखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची रीत पडली होती.

चिमीचे दिवस भरत आले तेव्हा आईने आधीच बजावून ठेवलं होतं. “मला फोनवर घाईघाईत काही सांगू नकोस. तुझं एक लक्ष दुधाकडे, एक लक्ष दाराकडे, आणि मला आपलं ‘हो गं, बरा आहे’ ऐकवणार. तू लिहीत जा. जन्मभर परक्यांचं वाचलं मी. आता नातवाचं वाचीन. स्वतःच्या डोळ्यांनी, पहिल्या दातापासून.”

“आणि नात झाली तर?”

“तिला काय दात येणार नाहीत?”

डोळ्यांचं काहीतरी चाललेलं होतं, ते चिमीला माहीत होतं. म्हणजे आईने सांगितलं तेवढं माहीत होतं. “वयाने झीज होते म्हणतात डॉक्टर. अक्षर मोठं असलं की भागतं.” झालं, एवढंच. आई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटीच जायची आणि परत आली की डॉक्टरांपेक्षा त्यांच्या पाटीवरच्या शुद्धलेखनाबद्दल जास्त बोलायची.

मग चिमीने तिला टॅब घेऊन दिला आणि दोघींच्या सामाईक नोंदींसाठी एक ॲप टाकून दिलं. त्यात मार्कडाउन चालायचं. म्हणजे साधंच लिहायचं, पण ओळीच्या आधी जिन्याच्या जाळीसारखी एक खूण टाकली की ती ओळ मथळा होणार. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या दिल्या की शब्द ठळक. आडवी रेघ दिली की यादी. बाणाचं टोक दिलं की कुणाचं तरी बोलणं, अवतरण. आईला हे समजावून सांगायची वेळच आली नाही. चिमी पहिली खूण दाखवतेय तोच ती म्हणाली, “अगं, हे तर आमचंच. खुणा तेवढ्या वेगळ्या. आम्ही समासात करायचो, हे ओळीतच करतात. आळशी लोक.”

चिमीचं स्वतःचं काम औषधांच्या खोक्यांवर अक्षरं मांडायचं. एवढ्याशा खोक्यावर किती गोळ्या, कधी घ्यायच्या, कुणी घ्यायच्या नाहीत, सगळं बसवायचं. त्यामुळे ॲपमधलं ते करडं, मुकं पान तिला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तिच्या नवऱ्याने, जो दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्या यंत्रांची पोटं उघडायचा, शोधून काढलं की ॲपला आपली स्वतःची स्टाईलची फाईल देता येते. मथळा कसा दिसावा, यादी कशी दिसावी, एकेका गोष्टीसाठी एकेक ओळ लिहायची. फाईल ठेवली की आईच्या टॅबवरही तसंच दिसणार.

मग काय, चिमीला उधाण आलं. तिने मथळा मोठा केला, फिकट गुलाबी केला, गुंड्याच्या तळव्याचा रंग असतो ना, अगदी तसा. त्याच्याखाली केसासारखी बारीक रेघ ओढली. यादीतल्या रेघांच्या जागी इवली इवली पानं लावली. अवतरणाला साईच्या रंगाची चौकट दिली आणि आतली अक्षरं जराशी तिरपी केली, कुणीतरी कानाशी लागून बोलल्यासारखी. ठळक शब्द जांभळे केले. आणि हे सगळं पानावर कुठे उभं राहणार, ते जिथे लिहायचं असतं तिथे तिने लिहिलं: मधोमध. मथळे मधोमध, ओळी मधोमध, चौकट मधोमध. सगळं कसं पाटावर मांडून ठेवल्यासारखं.

नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं. “आईंना वाचायचंय की लग्नाची पत्रिका छापायचीय?”

“तू तुझ्या लिफ्टमध्ये जा बघू.”

पण तिला स्वतःलाच हसू आलं होतं. कितीतरी दिवसांत तिच्या हातून अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही तयार झालं नव्हतं.

रोज एक नोंद जायची. मथळ्यात दिवसाची मुख्य बातमी: ‘गुंड्याला शिंक आली आणि तो स्वतःच घाबरला’. खाली पानापानांची यादी: किती वेळ झोपला, कुणावर ओला झाला, नव्या मोज्याचं काय केलं. अवतरणात त्याचे उद्गार: ‘अंग्गू’. आणि रोज संध्याकाळच्या आत आईचं उत्तर यायचं: ‘वाचलं. छान. मथळा सुंदर दिसतोय.’

रोज तेच. दुर्बीण म्हणून जिचा दरारा, तिने एकदाही चूक काढली नाही. चिमीने एकदा मुद्दाम ‘शिंक’चा ‘शींक’ करून पाठवला. उत्तर आलं: ‘वाचलं. छान.’ चिमीला वाटलं, आजी झाली की माणूस निवळतं.

फोनवर मात्र आई विचारायची, “आज काय काय केलं गं त्याने?”

“अगं, लिहिलंय ना सगळं.”

“वाचलं गं मी. पण तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.”

*

एक गोष्ट मात्र चिमीच्या घशात काट्यासारखी अडकून होती.

गुंड्या जन्मला त्या दिवशी आई दवाखान्यात आली, हात धुतले, पदर सावरला, त्याला घेतलं. सवयीच्या हातांनी, मान तळव्यात धरून. आणि मग तोंड खिडकीकडे फिरवलं. बराच वेळ ती खिडकीकडेच बघत राहिली. खिडकीत होतं काय, तर समोरच्या इमारतीचे पाइप. चिमीला वाटलं, रडू लपवतेय. पण मग सुट्टीच्या दिवशी ती गुंड्याला घेऊन आईकडे जायला लागली, तेव्हाही तेच. मांडीवर मूल आणि नजर कपाटाकडे. तो हसला तर हिचं तोंड भिंतीकडे. तो ‘अंग्गू’ म्हणाला की ही ‘काय रे लबाडा’ म्हणणार, पण कुणाला? दाराच्या कडीला.

“तिला तो आवडलाच नाही,” चिमी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली.

“काहीतरीच काय. पायमोजे विणून धाडले की त्यांनी.”

“मोजे विणायला तोंड बघावं लागत नाही. एकदा, एकदासुद्धा तिने त्याच्याकडे सरळ बघितलेलं नाही. माझं नकटं नाक घेतलंय ना त्याने. मलाही लहानपणी म्हणायची, तुझं नाक छापताना खिळा मोडला.”

नवरा हसला. चिमी हसली नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात गुंड्याला ताप चढला. सकाळी अंग कोमट लागलं, दुपारी भाकरीच्या तव्यासारखं तापलं, आणि एकाएकी त्याचे हातपाय ताठ होऊन डोळे वर गेले. ते सगळं क्षणभराचंच होतं, पण चिमीच्या पायाखालची जमीन गेली ती गेलीच. नवरा कुठल्या तरी उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात, फोन लागेना. शेजारणीने रिक्षा थांबवली. दवाखान्यात त्याला आत नेलं आणि चिमीला बाहेर बाकावर बसवलं. तिने आईला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. आई दुपारी फोन उशीखाली घालून पडायची. पण टॅब मात्र उशाशी असतो, हे चिमीला माहीत होतं. नोंद आली की तो टुणकन वाजतो. तिने त्याच सजवलेल्या पानावर लिहिलं:

‘गुंड्याला ताप. दवाखान्यात आहोत.’

खाली ठळक: ‘आई, फोन उचल.’

मग ती बाकाच्या कडेवर बसून राहिली. समोरून परिचारिका जात होत्या, चाकांच्या खाटा जात होत्या. टॅबवरून उत्तर आलं तसा हातातला फोन थरथरला. तिने पाहिलं.

‘वाचलं. छान. मथळा सुंदर दिसतोय.’

तिने ते पुन्हा वाचलं. मग फोन पालथा घातला आणि बाकावर ठेवून दिला, एखादी गरम वस्तू ठेवावी तसा.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. लहान मुलांना चढत्या तापात होतं असं कधी कधी, डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही घाबरू नका, आणि त्यांनी चिमीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कुणाचा असायला हवा होता, हे मनात येऊन चिमीला तिथेच हुंदका फुटला.

*

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सुट्टी टाकली. गुंड्याला त्याच्या हवाली करून चिमी बसने आईकडे गेली. रस्ताभर ती मनातल्या मनात भांडत होती. चांगली टोकदार वाक्यं जुळवून ठेवली होती तिने.

आईने दार उघडलं. “अगंबाई, आज कशी? आणि गुंड्या कुठाय?”

“तुला काय करायचंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे काल तो दवाखान्यात होता. हातपाय ताठ झाले होते त्याचे. मी तिथे बाकावर मरत होते आणि तू म्हणतेस, छान. मथळा सुंदर.”

आईचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच राहिला. “आता कसा आहे?”

“आता विचारतेयस?”

“चिमे, आता कसा आहे तो?”

“बरा आहे. खेळतोय. पण तुला नकोच असला तर तसं सांग ना सरळ. त्याच्याकडे बघत नाहीस, त्याचं वाचत नाहीस, उगीच आपलं रोज छान छान. मी तिथे एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने तुझ्यासाठी ते सगळं…”

“वाचते गं मी.”

“वाचतेस? बरं.” चिमीने पलंगावरचा टॅब उचलला, कालचं पान उघडलं आणि आईच्या हातात कोंबला. “वाच. मोठ्याने वाच.”

आई खुर्चीत बसली. चष्मा लावला. टॅब जवळ घेतला, मग लांब धरला. मान थोडी उजवीकडे केली, थोडी डावीकडे. ओठ हलले. खालच्या मजल्यावरच्या शिलाई यंत्राची धडधड ऐकू येत होती.

“गुंड्या…” आई म्हणाली.

चिमी वाट बघत होती.

“गुंड्या आज… गालातल्या गालात हसला,” आईने वाचलं. अगदी वाचल्याच्या सुरात, थांबून थांबून, जिथे स्वल्पविराम असता तिथे श्वास घेऊन. “दूध पिऊन… छान झोपला.”

चिमीची टोकदार वाक्यं होती तिथेच वितळली. ती खाली, आईच्या पायाशी बसली. आईच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला तेव्हा आईला कळलं की काहीतरी चुकलं. दुर्बिणीला चूक कळायला वेळ लागत नाही.

“असं लिहिलेलं नाही वाटतं,” ती हळूच म्हणाली.

“नाही.”

“मग काय लिहिलंय?”

चिमीने सांगितलं नाही. “कधीपासून?” तिने विचारलं.

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. “एक डोळा तर कधीचाच गेलाय, तो मी धरतच नव्हते. दुसऱ्याने चाललं होतं. तुझं बाळंतपण आलं त्याच सुमारास त्याच्याही मधोमध डाग पडला. ओल्या प्रुफावरून कुणीतरी अंगठा फिरवावा ना, तसा. कडेचं सगळं दिसतं बघ. ती खिडकी, तो पंखा, तुझा खांदा. पण जिथे बघते तिथेच नसतं. आणि जिथे बघत नाही, तिथे सगळं असतं.”

“डॉक्टर?”

“म्हणतात, वाढेल. हळूहळू.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ओली बाळंतीण. तुला काय सांगायचं?” आईने चष्म्याच्या काड्या मिटल्या. “आणि तू लेकराला खांद्यावर टाकून माझ्यासाठी पान सजवत होतीस. फोनवर सांगायचीस ना, आज पानं लावली, आज रंग दिला. चिमे, मी जन्मभर पानंच बघितली, पण माझ्यासाठी कुणी पान मांडलं नव्हतं गं. ते दिसत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगू? टॅब वाजला की मी त्याला बोलून उत्तर धाडायची. तो लिहून घेतो.”

चिमीला एकदम काहीतरी सुचलं. “आणि गुंड्या?” ती म्हणाली. “त्याच्याकडे तू…”

“त्याच्याकडे बघितलं की तोच जातो,” आई म्हणाली. “कान राहतात, टोपी राहते, मधलं तोंड पुसलेलं. पहिल्या दिवशी इतकी घाबरले मी. मग सहज खिडकीकडे नजर गेली आणि तो आला. सगळा आला. नाक, जिवणी, सगळं, जरा पुसट, पण आला. म्हणून खिडकीकडे बघते. त्याला बघायचं असेल तर मला दुसरीकडेच बघावं लागतं.” ती किंचित हसली. “नाक तुझंच आहे. खिळा मोडलेलं.”

चिमीने तिच्या मांडीत तोंड खुपसलं. आईचा हात तिच्या गुंतलेल्या केसांतून फिरत राहिला, गाठ लागली की थांबायचा, सोडवायचा, पुढे जायचा.

*

रडून झालं, तोंडं धुऊन झाली, चहा झाला. मग आई म्हणाली, “आता काम करू. उघड ते तुझं.”

चिमीने लॅपटॉप उघडला. खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्या. आईचा आवाज बदलला. हा छापखान्यातला आवाज, चिमीने लहानपणी दारात उभी राहून ऐकलेला.

“पहिल्यांदा तो गुलाबी काढ.”

“त्याच्या तळव्याचा आहे तो.”

“तळवा मी हातात धरीन. अक्षर मला पिवळं दे, आणि पाठीमागे काळं. यादीत ती काय लावलीस, पानं? झाड. झाडून टाक. तिरपं काही नको, सगळी अक्षरं ताठ उभी कर. आणि हे मधोमधचं सगळं डावीकडे घे.”

“डावीकडेच का?”

“अगं, मधोमध मांडलं की प्रत्येक ओळ वेगळ्याच ठिकाणी सुरू होते. जो माणूस सरळ बघतो, त्याला काही वाटत नाही. मी शोधत बसते. एक ओळ सापडली, तिचं शेपूट पकडून खाली उतरावं, तर दुसरी तिसरीकडूनच निघालेली. डावीकडे एका रेषेत असल्या की मला ठाऊक, इथूनच सुरुवात. तिथे एक जाड पट्टी दे, उभी. काठी रोवल्यासारखी. त्या काठीला धरून मी जाईन.”

चिमी एकेक ओळ पुसत गेली, नवी लिहीत गेली. केसासारखी रेघ गेली, साईची चौकट गेली, जांभळा गेला. ती पुसताना तिला त्या त्या दुपारी आठवत होत्या, कोणत्या ओळीला गुंड्या उठला होता, कोणत्या ओळीला दूध उतू गेलं होतं. शेवटी काळ्या पानावर डाव्या अंगाला जाड पिवळी पट्टी आणि तिला टेकून उभी असलेली ढब्बू अक्षरं राहिली.

“पत्रिका गेली,” चिमी म्हणाली. “ही तर रस्त्यावरची पाटी झाली.”

“पाटीच बरी. पाटी वाचून माणूस घरी पोचतो.”

टॅबवर कालचंच पान उघडं होतं. नव्या रूपात ते तिथे आपोआप उमटलं. चिमी घाईने ते बंद करायला गेली, पण आईने तिचा हात धरला. तिने नजर ओळीच्या वर नेली, टॅबच्याही वर, भिंतीवर कुठेतरी, आणि बोट पट्टीवर ठेवलं. मग एकेक अक्षर, खालून कुणीतरी पाण्यातून वर यावं तसं, वर आलं.

“गुं… ड्या… ला.” ती थांबली. बोट पुढे सरकलं. “ता… प.”

पुढचंही तिने वाचलं. दवाखान्याचं. आणि मग ती ठळक ओळ, जांभळी होती ती, आता नुसतीच जाड. “आई. फोन उचल.”

ते वाचायला तिला फार वेळ लागला, आणि वाचून झाल्यावर ती पुन्हा पट्टीच्या टोकाला गेली आणि पुन्हा तेच वाचलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पुसायला बोट पट्टीवरून काढावं लागलं असतं, म्हणून तिने काढलं नाही.

“उतरला ना गं?” तिने विचारलं. कालच्या बाकावर बसल्यासारखं.

“उतरला.”

“मग ते खाली लिही. अशी बातमी अर्धी ठेवू नये.”

चिमीने लिहिलं. आईने तेही वाचलं.

*

काही दिवस बरे गेले. फार बरे. आई वाचायची आणि चुका काढायची. ‘मागे शींक लिहिलं होतंस, जुनं बघत होते, लाज नाही वाटली?’ असं उत्तर आलं तेव्हा चिमी टेबलाशी एकटीच नाचली. रोजच्या नोंदी आता भारी जपून लिहाव्या लागायच्या, कारण ओळ आखूड हवी, पट्टीपासून फार लांब गेली की आई वाटेत हरवायची.

पण डाग वाढत होता. आई काही बोलायची नाही, नुसतं म्हणायची, “जरा अक्षर वाढव.” चिमी फाईल उघडायची आणि एक आकडा बदलायची. अक्षर वाढायचं, पानावरचे शब्द कमी व्हायचे. यादी गेली. अवतरण गेलं. नुसता मथळा उरला. चिमी औषधाच्या खोक्यावर अक्षरं लहान करून जास्त मजकूर बसवण्यात हुशार होती. इथे तिला उलटं शिकावं लागलं. गुंड्या पालथा पडला, सरपटत पलंगाखाली गेला, चपलेला मिठी मारून झोपला, आणि पानावर मावणार होते दोन शब्द. ती विचार करकरून लिहायची. ‘चप्पल आवडली.’ आई मग फोन करायची आणि त्या दोन शब्दांतून बाकीचं सगळं खोदून काढायची.

“जरा वाढव गं.”

ज्या दिवशी गुंड्याच्या तोंडात चमचा टिक् करून वाजला, त्या दिवशी चिमी त्याला कडेवर घेऊनच लॅपटॉपकडे धावली. पानावर आता एकच शब्द बसत होता, तोही लहान असला तर. तिने लिहिलं:

‘दात.’

उत्तराला उशीर झाला. दुपार कलली. मग फोनच आला.

“आला?” आई म्हणाली.

“वाचलंस?”

“वाचलं. आधी ‘दा’ सापडला. मग त्याला विसरले आणि ‘त’ सापडला. मग दोघांना जवळ आणलं.” पलीकडे ती हसत होती की काय, कळेना. “म्हटलं होतं ना तुला, वाचीन म्हणून. पहिल्या दातापासून.”

“हो.”

“वाचला की नाही?”

“वाचलास, आई.”

त्यानंतर चिमीने आकडा आणखी वाढवला तेव्हा पानावर एक अक्षरही पुरतं मावलं नाही. पट्टी तेवढी राहिली, काळ्या पानाच्या डाव्या अंगाला. ॲपला आता नोंद वाचून दाखवायला सांगता येतं, हे नवऱ्याने शोधून दिलं. आई ऐकते. म्हणते, “बाई बरी वाचते, पण तिला पूर्णविराम कळत नाही.” चिमी अजून रोज लिहिते, लांबलचक, पूर्वीसारखं. स्टाईलच्या फाईलला तिने पुन्हा हात लावलेला नाही.

आणि परवा ती गुंड्याला घेऊन आईकडे गेली होती. तो आता धरून धरून चालतो. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. त्याचा आवाज आला तशी तिने सवयीने तोंड कपाटाकडे फिरवलं, डोळ्याच्या कडेने त्याला पकडायला. अजून कडेला थोडं उरलंय. रंग येतो, हालचाल येते.

पण गुंड्याला आजीचं तोंड हवं होतं. तो खुर्चीचा हात धरून, मग पलंगाची कड धरून, वळसा घालून कपाटाच्या बाजूला गेला आणि बरोबर तिच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. आईला तो दिसेनासा झाला. तिने हसून तोंड खिडकीकडे फिरवलं. तो पुन्हा निघाला. डुगडुगत, पडत, उठत, तिच्या गुडघ्यांना धरत, पुन्हा तिच्या नजरेच्या मधोमध. ती इकडे, तर तो इकडे. ती तिकडे, तर तो तिकडे. त्याला हा भलता मजेचा खेळ वाटत होता. तो खिदळत होता.

चिमीला बघवेना. ती पुढे झाली. “थांब, त्याला बाजूला बसवते. तिथून तुला दिसत नाही.”

“राहू दे,” आई म्हणाली.

“अगं, पण तुला…”

“मला नाही दिसत. त्याला मी दिसते ना.”

तिने चाचपत दोन्ही हात पुढे केले. त्याचे गाल सापडले, ते नकटं नाक सापडलं. तो गप्प झाला आणि वर बघायला लागला. आईने मग ना खिडकीकडे बघितलं, ना कपाटाकडे. तिने मान सरळ केली आणि त्याचं तोंड हातांत धरून, जिथे तो नव्हता तिथे, अगदी मधोमध बघत राहिली.